‘मावेल इतका मैदा’ म्हणजे नेमका किती? घरच्या पाककृतींचे पुस्तक करताना...

‘एक वाटी तूप, एक वाटी साखर, एक वाटी दूध आणि मावेल इतका मैदा.’ अनेक घरांतल्या जुन्या वहीत शंकरपाळ्यांची कृती एवढीच असते. लिहिणारीला जास्त लिहायची गरजच नव्हती. मैदा किती मावतो ते तिच्या हाताला कळत होते. अडचण येते ती वही नातवंडांच्या हाती पडल्यावर.

डिजिटल छपाईमुळे आता २०-२५ प्रतीही छापून मिळतात. त्यामुळे पाककृती, आठवणी आणि फोटो यांचे घरगुती पुस्तक आवाक्यात आले आहे. मुखपृष्ठ आणि मांडणी नंतरही जमेल. आजीच्या हाताचे माप मात्र ती ओट्यापाशी उभी राहू शकते तोवरच घेता येते.

माप कसे घ्यायचे?

कृती विचारून लिहू नये, करताना पाहून लिहावी. ‘किती घालतेस?’ असे विचारले तर ‘अंदाजाने’ हेच उत्तर येते. त्यापेक्षा मैद्याचा डबा आधी वजनकाट्यावर ठेवावा, पीठ मळून झाल्यावर पुन्हा ठेवावा. जो फरक येईल, तोच ‘मावेल इतका’. तिला मध्ये थांबवावे लागत नाही.

वाटीचेही तसेच. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप घरोघरी रुळवले, पण प्रत्येक घरातली वाटी वेगळी. तिची नेहमीची वाटी पाण्याने भरून ते पाणी तोलावे. पाणी १५० ग्रॅम भरले, तर वाटी १५० मिलिलिटरची.

जुन्या वहीतले शेर आणि तोळे

मेट्रिक मापे १९५६च्या कायद्याने आली. त्याआधीच्या वहीत गोडा मसाला शेर-तोळ्यांत, कधी चक्क आण्यांत सापडतो: ‘दोन आण्यांचे दगडफूल’. तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा. शेर मात्र फसवा. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅम भरतो, तर मुंबईचा जुना शेर त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यात चिपटे-मापटे ही भरून मोजायची मापे. म्हणून मूळ माप तसेच छापावे, शेजारी ग्रॅम द्यावेत आणि मसाला एकदा थोडा करून पाहावा.

आठवणी कुणाच्या शब्दांत?

बोलणाऱ्याच्याच. आजी ‘कालवण’ म्हणत असेल तर ‘ग्रेव्ही’ लिहू नये. रेकॉर्डिंग स्वयंपाक चालू असतानाच करावे. हात कामात असले की बोलणे मोकळे होते. आमटीत गूळ किती, यावरून दोन जावांचे जमत नसेल तर दोन्ही कृती नावानिशी द्याव्यात. वाद मिटवायला पुस्तक नसते.

फोटोंचे काय?

जुन्या अल्बममध्ये लग्न, मुंज, बारसे सापडते, स्वयंपाकघर क्वचितच. त्यामुळे मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या बोटांचा फोटो आजच काढावा, खिडकीच्या उजेडात. जुने फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करावेत. डावीकडून तिसरी कोण, हे सांगणारे माणूस घरात असतानाच नावे लिहून घ्यावीत. चुलत भावंडांना व्हॉट्सअॅपवर फोटो मागताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, नाहीतर छपाईत ते फुटतात. तिच्या अक्षरातले तेलकट डागांचे पानही स्कॅन करून तसेच लावावे.

छपाईआधी

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा आणि पीडीएफमध्ये जोडाक्षरे तुटली नाहीत ना, ते पाहावे. वायरची बांधणी घ्यावी. ओट्यावर पुस्तक उघडे राहते, पीठ लागलेल्या हातांनी धरून ठेवावे लागत नाही. त्याआधी कच्ची प्रत अशा भाच्याला किंवा सुनेला द्यावी, जिने-ज्याने तो पदार्थ कधी केलेला नाही. करताना जिथे फोन करून विचारावे लागले, तिथे एक ओळ राहिलेली आहे.