घरातला गोंगाट पकडायचा कसा?

जेवण गरम करायला मायक्रोवेव्ह लावला की व्हिडिओ अडखळतो आणि दोन मिनिटांनी आपोआप सुरळीत होतो. अहिल्यानगरच्या सावेडीतल्या भिंतीला भिंत लागलेल्या फ्लॅटांत अशा वेळी खापर फुटतं ते राऊटरवर. नवा राऊटर येतो, अडखळणं तसंच राहतं.

वायफायचा जुना पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा. भारतात तो २००५ साली विनापरवाना वापरासाठी खुला झाला. तिथेच ब्लूटूथ नांदतं आणि मायक्रोवेव्हची गळतीही तिथेच उतरते. मोबाइलवरचं मोफत ॲप शेजाऱ्यांचे राऊटर कोणत्या चॅनेलवर आहेत ते दाखवतं, म्हणून पहिली पायरी तीच. १, ६ आणि ११ यांपैकी मोकळं चॅनेल निवडलं की अनेक घरांचं काम भागतं. पण ॲपला फक्त वायफायची भाषा कळते, मायक्रोवेव्ह त्याला दिसतच नाही. स्पेक्ट्रम अॅनालायझरला कोणतीच भाषा कळत नाही; कुठल्या वारंवारतेवर किती ऊर्जा आहे एवढंच तो मोजतो, आणि इथे नेमकं तेच हवं असतं.

असा माग काढणं घरापुरतंच नाही. आपल्या जिल्ह्याला लागूनच, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातून येणारे अतिक्षीण संकेत टिपणाऱ्या तिथल्या शास्त्रज्ञांना विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचाही माग काढावा लागतो. दुर्बिणीला बाधा नको म्हणून पुणे-नाशिक रेल्वेमार्ग शिर्डीकडून नेण्याचं रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केलं, इतका हा रेडिओ लहरींचा गोंगाट गंभीर आहे.

घरासाठी अॅनालायझर घेताना किमतीआधी तो किती वारंवारतेपर्यंत मोजतो तो पल्ला बघा. आरटीएल-एसडीआर ही स्वस्त यूएसबी कांडी साधारण १७५० मेगाहर्ट्झपर्यंतच पोचते, टायनीएसए या छोट्या अॅनालायझरची मूळ आवृत्ती ९६० पर्यंत. म्हणजे वायफायसाठी दोन्ही निरुपयोगी! टायनीएसए अल्ट्रा मात्र ५ गिगाहर्ट्झच्या पुढे जातो. माझ्या मते घरगुती शोधासाठी तोच पुरेसा. हॅकआरएफ हा रेडिओ ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, पण त्याला संगणक आणि सवय दोन्ही लागतात. सोल्डरिंगची आवड असलेल्या विद्यार्थ्याने आर्डुइनोला एनआरएफ२४ मॉड्यूल जोडावं. ते एकेक मेगाहर्ट्झ सरकत ‘इथे कोणी आहे की नाही’ एवढंच सांगतं, पण काही शे रुपयांत.

अल्ट्रा एकेक वारंवारता हळू तपासत जातो, त्यामुळे क्षणिक संकेत निसटतात. म्हणून सगळा पल्ला न घेता २४०० ते २५०० एवढाच लावा आणि दिसलेली सर्वोच्च पातळी पडद्यावर धरून ठेवणारं ‘मॅक्स होल्ड’ चालू करा. तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर असल्याने अँटेना पूर्ण न ओढता तीनेक सेंटिमीटरच ठेवा. मग २४५० च्या आसपास एकाच वारंवारतेवर थांबून वेळेनुसार आलेख बघा. ट्रान्सफॉर्मरवाला मायक्रोवेव्ह आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दर २० मिलिसेकंदांतला जवळपास अर्धाच वेळ लहरी सोडतो. पडद्यावर फणीसारखे दात उमटतात आणि चोर लगेच ओळखू येतो.

दात दिसले नाहीत आणि नुसता सपाट, रुंद गोंगाट दिसला, तर राऊटरशेजारची यूएसबी ३ हार्ड डिस्क काढून बघा. तिच्या केबलमधून निघणारा गोंगाट याच पट्ट्यात येतो.