गोतावळ्यातल्या गाड्या: जुन्या फोर-व्हील वॅगनच्या घरगुती दुरुस्तीचा मागोवा

भारतात चारही चाकांना इंजिनाचे बळ पोचवणारी गाडी आधी लष्कराकडे, मग सरकारी खात्यांकडे आणि सर्वांत शेवटी कुटुंबांकडे आली, आणि या क्रमाची छाप तिच्या दुरुस्तीवर आजही दिसते. ज्या गाड्यांचे सुटे भाग लष्करी वाहने, ट्रॅक्टर आणि मालवाहू पिकअप यांच्याशी सामाईक होते, त्या चाळीस-पन्नास वर्षे उलटल्यावरही घरच्या अंगणात उघडून पुन्हा जोडता येतात. ज्या मात्र परदेशातून एकट्यादुकट्या आल्या, त्या बनावटीने सरस असूनही सुट्या भागांसाठी अडून राहू लागल्या. गाडी किती टिकेल हे तिच्या पोलादाइतकेच तिच्या गोतावळ्यावर ठरते, असे या पाऊणशे वर्षांच्या वाटचालीवरून म्हणता येते. वडोदऱ्याच्या उत्तरेकडील समा हा भाग या मागोव्यासाठी सोयीचा आहे, कारण लष्करी वाहनांच्या दुरुस्तीचे शिक्षण देणारी ईएमई स्कूल ही संस्था जवळच्या फतेगंजात आहे, मोटारींचा कारखाना असलेले हालोल सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे, आणि विश्वामित्री नदीच्या काठचा हा परिसर असल्यामुळे पुरात बुडालेल्या गाडीचे काय होते हेही येथील रहिवाशांना ठाऊक आहे.

प्रथम संज्ञांविषयी. स्टेशन वॅगन म्हणजे प्रवाशांची बैठक आणि सामानाची जागा एकाच छताखाली सलग असलेली, मागे मोठे दार असलेली गाडी होय. अमेरिकेत विलीज कंपनीने 1946 मध्ये संपूर्ण पत्र्याच्या बांधणीची अशी जीप वॅगन बाजारात आणली आणि 1949 मध्ये तिला फोर-व्हील ड्राइव्हची जोड दिली. या जुन्या पद्धतीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची दुसरी पेटी असते. तिच्या दांड्याने पुढचा अ‍ॅक्सल हवा तेव्हा जोडता येतो आणि चढावासाठी किंवा चिखलासाठी अधिक ओढीचा ‘लो’ गिअर घेता येतो. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात, परंतु या पेटीत तो फरक सामावून घेणारे डिफरन्शियल नसते. त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून गाडी हाकल्यास दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये पीळ साठत जातो आणि दांडा निघता निघत नाही. अशा वेळी गाडी थोडी सरळ मागे घेतली की पीळ उतरतो आणि दांडा हलक्या हाताने सुटतो. ही साधी गोष्ट माहीत नसलेला मालक धडधाकट पेटी उघडायला निघतो, तेव्हा या गाड्यांच्या बाबतीत दुरुस्तीची सुरुवात पान्याने होत नाही, यंत्र कसे चालते ते समजून घेण्याने होते.

भारतात या कथेचा आरंभ मुंबईत झाला. महिंद्र कंपनीने माझगाव येथे आयात केलेल्या भागांपासून विलीज जीप जुळवण्यास 1949 मध्ये सुरुवात केली आणि पुढे उंच बोनेटचे सीजे-3बी हे प्रारूप देशातच तयार होऊ लागले. तिचे 2.2 लिटरचे पेट्रोल इंजिन, स्पायसर-18 ही दोन दांड्यांची ट्रान्सफर केस आणि कमानपाट्यांवर बसवलेले दोन भक्कम अ‍ॅक्सल हा सांगाडा किरकोळ फेरफारांनिशी काही दशके टिकला. स्पायसर-18 मध्ये एक दांडा पुढचा अ‍ॅक्सल जोडण्यासाठी आणि दुसरा ‘हाय’ किंवा ‘लो’ निवडण्यासाठी असतो, आणि पुढचा अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय ‘लो’ पडू नये असा आतल्या आत अडसर घातलेला असतो, जेणेकरून सगळी वाढीव ओढ एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर येऊ नये. लष्करासाठी जबलपूरच्या कारखान्यात 1969 पासून निसान पेट्रोलच्या धर्तीवर जोंगा बनू लागली, तिचे उत्पादन 1999 पर्यंत चालले. लष्कराने आणि सरकारी खात्यांनी वापरून लिलावात काढलेल्या गाड्या खासगी मालकांकडे आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर सुट्या भागांचा साठा आणि ती यंत्रे हाताखालून गेलेले कारागीरही नागरी बाजारात आले.

वडोदऱ्यात हस्तकौशल्याला प्रतिष्ठा देण्याची परंपरा त्याहूनही जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1890 मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनात तांत्रिक विषय शिकवले जात आणि पुढे तीच संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रशाखा झाली. वीस-पंचवीस वर्षांची गाडी स्वतः राखणाऱ्यासाठी येथील घरांची ठेवणही उपकारक ठरली, कारण ज्यांना या शहरात ‘टेनामेंट’ म्हणतात त्या बैठ्या किंवा एकमजली घरांना पुढे फाटक आणि गाडी उभी करण्यापुरते फरसबंद अंगण असते. जॅक लावून, चाकांना उटी देऊन, रविवारी दिवसभर गाडी उघडी ठेवायची तर सदनिकेच्या तळघरापेक्षा ते कितीतरी सोयीचे.

अशा अंगणात होणारे नमुनेदार काम म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस बदलणे. हा शाफ्ट ट्रान्सफर केसमधून निघालेले बळ अ‍ॅक्सलपर्यंत नेतो आणि खड्ड्यांत अ‍ॅक्सल वरखाली होताना शाफ्टचा कोन बदलता यावा म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा पोलादी क्रॉस असतो. क्रॉसच्या चारही टोकांवरच्या वाट्यांमध्ये सुयांसारखे बारीक रोलर असतात. ग्रीस सुकले की ते झिजतात आणि क्लच सोडताना गाडीखालून ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो. शाफ्ट उतरवण्यापूर्वी जोडणाऱ्या दोन्ही भागांवर खूण करणे आवश्यक असते, कारण सरकत्या जोडाचे दोन तुकडे एका दात्याने जरी चुकीचे बसले तरी दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि वेग वाढताच गाडी थरथरते. त्यानंतर लॉक काढून व्हाइसच्या दाबाने जुन्या वाट्या बाहेर काढायच्या, नव्या वाटीतील एकही सुई आडवी पडलेली नाही याची बोटाने चाचपणी करून ती बसवायची, आणि शेवटी ग्रीस गनने चारही टोकांतून नवे ग्रीस डोकावेपर्यंत भरायचे. गोटी पान्यांचा संच, हातोडी, व्हाइस आणि संयम एवढ्यावर हे काम भागते. क्रॉस मात्र मोजमाप जुळणारा मिळाला पाहिजे, आणि जीपच्या मापाचा क्रॉस तालुक्याच्या दुकानातही मिळत आला.

पेट्रोलचा खर्च वाढू लागला तसा डिझेलकडे ओढा वाढला आणि गोतावळा आणखी विस्तारला. महिंद्रने इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनापासून बेतलेले डिझेल इंजिन जीपमध्ये बसवले, तर 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार करून 2.1 लिटरचे एक्सडीपी इंजिन आणले. ट्रॅक्टरचा मिस्त्री जीपलाही हात घालू शकेल अशी स्थिती त्यामुळे गावोगावी निर्माण झाली. यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला चालू राहण्यासाठी विजेचा आधार जवळजवळ लागतच नाही. टाकी कोरडी पडून नळीत हवा शिरली तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हाताने प्राइमर मारत, बुडबुडे संपून अखंड डिझेल येईपर्यंत एअर काढली की इंजिन पुन्हा सुरू होते. पंप आणि नोझल यांचे कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला नेमके तेवढेच डिझेल जाईल अशी जुळणी, यासाठी चाचणीयंत्र लागत असल्यामुळे ते काम पंप-नोझलच्या दुकानाकडे, तर बोअर वाढवण्याचे आणि क्रँक घासण्याचे काम लेथवाल्याकडे जात असे. या देशात स्वतः दुरुस्ती करणे याचा अर्थ कधीच एकट्याने सर्व करणे असा नव्हता. काय बिघडले ते ओळखणे, भाग उतरवून योग्य कारागिराकडे नेणे, सुटा भाग पारखून घेणे आणि पुन्हा जोडणे ही मालकाची कामे होती.

कुटुंबासाठी बंदिस्त वॅगन ही कल्पना रुजली ती मुख्यतः महाराष्ट्रातल्या कारखान्यांमुळे. पुण्यात टाटांनी 1988 मध्ये टाटामोबाइल हा पिकअप आणला, त्याच्याच सांगाड्यावर 1991 मध्ये सिएरा आणि लगोलग एस्टेट ही स्टेशन वॅगन आली, 1994 मध्ये सुमो आणि 1998 मध्ये सफारी निघाली; महिंद्रची पाच दारांची अर्माडा 1993 ची. सिएरा, अर्माडा आणि सफारी फोर-व्हील ड्राइव्हमध्येही मिळत असत. सिएरा आणि सफारी यांच्या फोर-व्हील आवृत्त्या तुलनेने थोड्याच विकल्या गेल्या, परंतु त्यांचे ब्रेक, क्लच, इंजिनाचे भाग आणि सस्पेन्शन यांतले बरेचसे पिकअपशी आणि सुमोशी मिळतेजुळते असल्यामुळे रोजच्या झिजेचे सामान मिळत राहिले. दुर्मीळ झाले ते केवळ त्याच गाडीचे म्हणून असलेले भाग: सिएराच्या मागच्या बाजूच्या वळणदार मोठ्या काचा, दारांची रबरे, ट्रान्सफर केसच्या विजेवर चालणाऱ्या मोटारी. इंजिन दुरुस्त होते पण काच मिळत नाही म्हणून गाडी उभी, असा उलटा अनुभव त्यामुळे येऊ लागला, आणि मुंबईचे कुर्ला किंवा दिल्लीचे मायापुरी येथील भंगार बाजार अशा मालकांच्या वाटेवरचे नेहमीचे थांबे ठरले.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचे उदाहरण हालोलशी जोडलेले आहे. तेथे 1996 मध्ये जनरल मोटर्सच्या भारतीय उपक्रमाने ओपेल अ‍ॅस्ट्राचे उत्पादन सुरू केले. जनरल मोटर्सने 1999 मध्ये जपानच्या फुजी हेवी इंडस्ट्रीज या, सुबारू मोटारी बनवणाऱ्या, कंपनीचा 20 टक्के हिस्सा घेतला होता. त्या नात्यातून सुबारूची फॉरेस्टर ही वॅगन भारतात शेवरोलेचे बोधचिन्ह लावून आयात झाली. आडव्या मांडणीचे बॉक्सर इंजिन आणि चारही चाकांना सतत बळ देणारी, मधल्या डिफरन्शियलमुळे कोरड्या रस्त्यावरही पीळ न साठू देणारी तिची रचना तांत्रिकदृष्ट्या जीपच्या कितीतरी पुढची होती. परंतु 2005 मध्ये जनरल मोटर्सने फुजीतला हिस्सा विकला, एप्रिल 2017 मध्ये हालोलमधले आपले उत्पादन थांबवले आणि त्याच वर्षअखेर कंपनीने भारतातली विक्रीही थांबवली. इंजिनाचा टायमिंग बेल्ट, चाकांची बेअरिंगे किंवा पुढच्या शाफ्टचे बूट बदलणे हे घरी होण्याजोगेच काम आहे. प्रश्न भाग मिळवण्याचा आहे. देशात त्याच इंजिनाची दुसरी गाडी नाही, लष्करात तिची बहीण नाही, त्यामुळे फॉरेस्टर राखणाऱ्याला प्रत्येक भाग परदेशातून, आयातशुल्क मोजून आणि क्रमांकाची खातरजमा करून मागवावा लागतो.

एकविसाव्या शतकात मालकाच्या श्रमाचा मोठा वाटा अंगणातून कागदांकडे सरकला. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि त्यानंतर दर 5 वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. मोटारीसाठीचे हे शुल्क एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाले आणि 20 वर्षांहून जुन्या मोटारींसाठी 2025 मध्ये ते 10,000 करण्यात आले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ठामपणे अधोरेखित केली. पूर्वी सर्रास चालणारी, पेट्रोल जीपमध्ये मिळेल ते डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत त्यामुळे जोखमीची ठरली, आणि जुनी जीप घेणारा आता आधी चेसिस व इंजिनाचे क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहतो. 50 वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी 2021 मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय झाली खरी, परंतु ती प्रदर्शनासाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या प्रांगणात भरलेल्या ऐतिहासिक मोटारींच्या प्रदर्शनाची दुनिया आणि पंचवीस वर्षांच्या सफारीचा क्लच घरी बदलणाऱ्याची दुनिया यांत कायद्यानेही अंतर ठेवले आहे. पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर गेल्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांच्या रबरी नळ्या व पडदे बदलण्याची निकडही वाढली.

जुन्या यंत्राच्या साधेपणाची कसोटी पुराने घेतली. 31 जुलै 2019 रोजी वडोदऱ्यात एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला, तर ऑगस्ट 2024 अखेरीस विश्वामित्रीची पातळी 35 फुटांवर गेली आणि समासह अनेक वस्त्यांत पाणी शिरले. बुडालेली गाडी तपासताना सेल मारण्याची घाई करायची नसते, कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल किंवा हीटर प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी आधी बाहेर काढावे लागते. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांच्या श्वासनळ्यांतून पाणी आत गेले असेल तर तेल दुधाळ दिसते, आणि ते एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा बदलावे लागते. यांत्रिक पंपाची जुनी गाडी एवढ्या सोपस्काराने बहुधा पुन्हा रस्त्यावर येते, तर जागोजागी संगणकीय नियंत्रक असलेली नवी गाडी अनेकदा विमा कंपनीच्या हिशेबात ‘टोटल लॉस’ ठरते.

यावरून जुने ते सगळे चांगले असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्या गाड्यांचे ब्रेक, धूर आणि अपघातातील संरक्षण आजच्या मापाने तोकडेच आहे, आणि मारुती जिप्सीसारख्या टिकाऊ गाडीचे उत्पादनही नव्या सुरक्षा-निकषांच्या सुमारास थांबले. उद्याच्या जुन्या गाड्या कोणत्या, हे मात्र याच कसोटीवर सांगता येते: भारतीय लष्कराने हजारोंच्या संख्येने मागवलेली सफारी स्टॉर्म कुटुंबांकडेही आहे, म्हणून तिचे सामान दीर्घकाळ मिळत राहण्याचा संभव अधिक. फरक एवढाच की कॉमन रेल डिझेल इंजिनात बिघाड वाचण्यासाठी स्कॅनर लागतो आणि काही भाग बदलल्यावर त्यांची संगणकाशी ओळख करून द्यावी लागते, ज्याची किल्ली उत्पादकाकडे असते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि मोटारींचा समावेश तिच्या कक्षेत केला, तो याच कारणाने महत्त्वाचा आहे. दुरुस्ती-पुस्तिका, सुट्या भागांचे क्रमांक आणि निदानाची साधने मालकाला व स्वतंत्र मिस्त्रीला उपलब्ध झाली, तर 2010 नंतरच्या वॅगनही अंगणात उघडता येतील; नाही झाली, तर कितीही सुटे भाग बाजारात असले तरी त्या गाड्यांची गत फॉरेस्टरसारखीच होईल.