नारळाच्या रोपांची जात कशी ओळखावी

पावसाळा तोंडावर आला म्हणजे अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपर-मुलुंडकडेही नारळाची रोपे विक्रीस येतात. कोणी त्यांस ‘सिंगापुरी’ म्हणतो, कोणी ‘केरळी’, तर कोणी नुसते ‘हायब्रीड’. केवळ नावावर विसंबल्यास काय होते, हे आम्ही भोगले आहे. महसूल खात्यातील कारकुनी संपल्यावर गोराईच्या वाडीत आम्ही हायब्रीड म्हणून वीस रोपे लावली. त्यांपैकी चौदांचे देठ नारिंगी होते. ती शोभा पाहून आम्हांस संतोषच वाटला. पण दोन उन्हाळ्यांत त्यांतील नऊ रोपे गेली. ती हायब्रीड नव्हतीच.

मूळ कारण हवामानाचे आहे. केरळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरातही चांगला पाऊस पडतो. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर एवढाच. पुढील आठ महिने जमीन कोरडी. आपला बाणवली माड उंच जातीचा व काटक असल्यामुळे ही तहान पुष्कळ सोसतो. ठेंगू जातींस ती सोसत नाही.

आता खुणा पाहू. बाणवलीच्या रोपाचा देठ हिरवा किंवा तपकिरी आणि बुंधा जाड असतो. मोठ्या माडाचा तळ कंदासारखा फुगलेला दिसतो. ठेंगू माडाचा तसा फुगत नाही. चौघाट ऑरेंज ड्वार्फ या केरळी ठेंगू जातीचा देठ नारिंगी असतो. ती तीन-चार वर्षांत फळते व शहाळ्यास उत्तम. परंतु खोबऱ्यास उपयोगी नाही. मात्र हिरव्या देठाची ठेंगू जातही आहे. म्हणून हिरवा देठ म्हणजे बाणवलीच, असे समजू नये.

हायब्रीडची परीक्षा अशी. चंद्रसंकरा या जातीत माता नारिंगी ठेंगू व पिता उंच माड असतो. ठेंगू माडात बहुधा स्वपरागण होते. त्यामुळे संकर न साधलेल्या फळाचे रोप आईसारखे नारिंगीच निघते. खऱ्या संकराचा देठ तपकिरी छटेचा असतो. म्हणून जाणते रोपवाटिकाकार नारिंगी रोपे वेगळी काढतात. आमच्या पदरी पडली ती बहुधा हीच काढून टाकलेली रोपे! हायब्रीड माडाचे नारळ रुजवून तीही हायब्रीड म्हणून विकतात. परंतु त्या संततीत आईबापांचे गुण विस्कटतात. असे रोप कदापि घेऊ नये.

रोप नऊ ते बारा महिन्यांचे, पाच-सहा पानांचे, आखूड व जाड बुंध्याचे निवडावे. ज्यांस उन्हाळाभर पाणी देणे शक्य आहे, त्यांनी शहाळ्यासाठी ठेंगू जात खुशाल लावावी. इतरांनी बाणवली किंवा तिच्यातूनच निवडलेली ‘प्रताप’ ही जात पत्करावी. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे कोकण कृषि विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे. तेथे चौकशी करावी.

सातबारा पाहिल्यावाचून आपण जमीन घेत नाही. माड तर साठ वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ त्या जमिनीवर उभा राहावयाचा. यास्तव रोपाचे आईबाप कोण, हे विचारावे, उत्तर पावतीवर लिहून घ्यावे, आणि विक्रेता लिहून देण्यास कचरला तर रिकाम्या हाताने परतावे. त्यात तोटा नाही.