नळी लवकर निघावी, घरी जायची घाई नको

‘अंग बाहेर येतंय’ हे डॉक्टरांना सांगायला अनेक बायकांची वर्षंच्या वर्षं जातात. लागोपाठची बाळंतपणं, पाण्याचे हंडे, डोक्यावरची सरपणाची मोळी. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात आणि गर्भाशयाबरोबर मूत्राशयही खाली उतरतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरची बाई शेवटी नंदुरबारला येते, ऑपरेशन होतं. मग तिचा पहिला प्रश्न असतो : ही लघवीची नळी कधी काढणार?

मूत्राशय वर उचलून टाके घातले की सूज येते, दुखतं, भुलीचा परिणामही असतो. लघवी अडकू शकते. म्हणून नळी चार-पाच दिवस ठेवायची जुनी पद्धत. पण नळी म्हणजे जंतूंना उघडं दार. ती आत असेपर्यंत दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू सापडू लागतात.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे शंभर जणींपैकी काहींची नळी दुसऱ्या दिवशी सकाळी काढली, बाकीच्यांची आणखी काही दिवस ठेवली. लवकर काढलेल्यांपैकी ४० टक्के जणींना ती पुन्हा घालावी लागली, उशिरा काढलेल्यांत ९ टक्के. जंतूंचं चित्र नेमकं उलटं : लवकरच्या गटात ४ टक्के, उशिराच्या गटात ४०. आणि पुन्हा घालूनही लवकरच्या गटाचे नळीचे दिवस निम्म्याहून कमी भरले.

वॉर्डात असताना पुन्हा नळी घालणं हे पाच मिनिटांचं काम. चांदसैली घाटापलीकडे, रात्री लघवी तुंबली तर तेच संकट होतं. म्हणून नळी सकाळी काढावी आणि बाईला दिवसभर वॉर्डातच ठेवावं. लघवी मापाच्या भांड्यात करायला सांगावं, नंतर आत किती उरली ते सोनोग्राफीने किंवा बारीक नळी घालून पाहावं. उरलेली १०० ते १५० मिलीलिटरच्या आत असेल तर बहुधा काळजी नसते.

‘होतेय की थोडी थोडी’ या उत्तरावर मात्र विसंबू नये. काठोकाठ भरलेलं मूत्राशयही थेंब थेंब गळतं. लाजेपोटी ती दुखतंय हेही सांगत नाही आणि नातेवाईक गाडीची वेळ विचारत दारात उभे असतात.

ऑपरेशनमध्ये मूत्राशयाला इजा झाली असेल तर हिशोब वेगळा. तेव्हा नळी आठवडाभर किंवा अधिकही ठेवावी लागते. शेजारच्या खाटेवरचीची कालच निघाली, म्हणून आपलीही काढा असा आग्रह तिथे चालत नाही.