माहीमचा शार्दूल आणि बोरिवलीचे घर

पालघर तालुक्यातील केळवे-माहीम परिसर नारळी-पोफळीच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच माहीम गावच्या शेतकरी कुटुंबातील शार्दूल ठाकूर यांचा जन्म 16 ऑक्टोबर 1991 रोजी झाला. त्यांचे क्रिकेट सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले आहे. मात्र त्या क्रिकेटचा पाया ज्या एका निर्णयावर उभा राहिला, त्याची माहिती आपल्या पालघर-बोईसरच्या व्यापारी कुटुंबांतही फार थोड्यांना आहे.

मुंबईचे क्रिकेट मुंबईच्या मैदानांवर घडते. चर्चगेटपासून विरार 60 किलोमीटर आणि पालघर त्याच्याही पुढे तीसेक किलोमीटर. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती एप्रिल 2013 मध्ये. त्यापूर्वी शटल, पॅसेंजर आणि मोजक्या मेल-एक्सप्रेस गाड्यांवरच सारी भिस्त असे. क्रिकेटची अवजड बॅग खांद्यावर घेऊन पहाटेची गाडी पकडायची, दिवसभर खेळायचे आणि रात्री घरी परतायचे, हा क्रम एखाद्या शाळकरी मुलाने किती दिवस चालवावा? आपल्या घरांत तर आणखी एक अडचण असते. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणारा मुलगा शेवटच्या गाडीने परतणार असेल, तर त्याच्या डब्याची चिंता आईला सकाळपासूनच लागते. पुष्कळ मुलांचा खेळ अंगी गुण नसल्यामुळे सुटत नाही, तो या प्रवासामुळे सुटतो.

शार्दूल बोईसरच्या तारापूर विद्या मंदिर शाळेकडून खेळत असे. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्धच्या सामन्यात त्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याचा खेळ पाहिला. रोहित शर्मा यांना घडवणारे हेच ते लाड सर. त्यांनी मुलाला आपल्या शाळेत घालण्याचे सुचवले. वडिलांनी नकार दिला. दहावीचे वर्ष आणि एवढा मोठा प्रवास, तेव्हा त्यांची भीती रास्तच होती. कोणत्याही जबाबदार पालकाने हेच उत्तर दिले असते. तेव्हा लाड यांनी आपल्या पत्नीशी विचारविनिमय केला आणि शार्दूलला बोरिवलीच्या स्वतःच्या घरीच ठेवून घेतले. दहावीतल्या परक्या मुलाची जबाबदारी घेणे ही लहान गोष्ट नव्हे. अभ्यास, आजारपण, जेवणखाण सारे आले, आणि त्याचा निम्मा भार गृहिणीवर पडतो. अशा प्रसंगी वर्तमानपत्रे प्रशिक्षकाचे नाव छापतात, गृहिणीचे क्वचितच छापतात.

पुढे शालेय हॅरिस शील्ड स्पर्धेत शार्दूलने एका षटकात सहा षटकार ठोकले.

असे अंतर केवळ पालघरच्याच वाट्याला आले आहे असे नाही. पायांना फळी बांधून बर्फावरून झेपावणे आणि हवेत कसरती करणे, या स्नोबोर्डिंग नावाच्या खेळात अमेरिकेच्या शॉन व्हाईट यांनी 2006, 2010 आणि 2018 अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवली. त्यांचे बालपण मात्र कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी गेले, जिथे बर्फाचे नाव नाही. जन्मतःच हृदयात दोष होता आणि तान्हेपणीच शस्त्रक्रिया झाल्या होत्या. तरीही कुटुंब त्यांना गाडीत घालून डोंगरांकडे नेत असे. तिथे सारे कुटुंब प्रवासाला निघाले, इथे दुसऱ्या कुटुंबाने प्रवासच वाचवला.

घर मिळाले म्हणून यश लगेच मिळाले नाही. ठाकूर यांचे शरीर स्थूल होते आणि वजन कमी करण्याचा सल्ला त्यांना साक्षात सचिन तेंडुलकर यांनी दिला. नोव्हेंबर 2012 मध्ये रणजी पदार्पण झाले, पण पहिला हंगाम निराशाजनक ठरला. 2014-15 च्या हंगामात मात्र 10 सामन्यांत 48 बळी मिळाले. ऑक्टोबर 2018 मध्ये हैदराबादला कसोटी पदार्पण झाले. केवळ 10 चेंडू टाकले आणि जांघेच्या दुखापतीने मैदान सोडावे लागले. पुढच्या कसोटीसाठी सव्वादोन वर्षे वाट पाहावी लागली.

ती कसोटी म्हणजे जानेवारी 2021 ची ब्रिस्बेनची कसोटी. बुमराह, शमी, अश्विन, जडेजा हे सारे दुखापतींमुळे बाहेर होते. भारत 6 बाद 186 असताना ठाकूर आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी 123 धावांची भागीदारी केली. ठाकूर यांनी 67 धावा केल्या आणि दोन डावांत मिळून 7 बळी घेतले. 1988 नंतर ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर प्रथमच हरला. पुढे ओव्हलवर दोन्ही डावांत अर्धशतके झाली, आणि जोहान्सबर्गला एका डावात 61 धावांत 7 बळी मिळाले, जरी तो सामना भारताने गमावला.

आयपीएलचा बाजारभाव व्यापाऱ्यांनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. 2022 मध्ये दिल्लीने 10 कोटी 75 लाख रुपये मोजले. नोव्हेंबर 2024 च्या लिलावात मात्र त्यांना कोणीही घेतले नाही. एका जखमी खेळाडूच्या जागी लखनौ संघाने त्यांना नंतर बोलावले. दरम्यान त्याच 2024-25 च्या रणजी हंगामात त्यांनी 505 धावा आणि 35 बळी जमवले होते. बाजार ज्या मालाला उठाव नाही म्हणत होता, त्याचा कस गोदामात शाबूत होता.

2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर ठाकूर विमानतळावरून थेट अंधेरी स्थानकावर गेले आणि पालघरची गाडी पकडून घरी आले. डब्यातील काही मुले त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी मोबाइलवर छायाचित्र शोधून खात्री करून घेतली. 2025-26 च्या रणजी हंगामासाठी मुंबई संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे सोपवण्यात आले.