इस्राएलांची शाळा, शेजाऱ्यांची मुले

मुंबईच्या माझगावात सर एली कदूरी हायस्कूल आहे. हाईम सामुएल केहीमकरांनी 1875 मध्ये आपल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या मुलांसाठी ‘इस्राएलाइट स्कूल’ काढली, तीच ही शाळा. आज तिच्या वर्गांत बहुतेक मुले मुसलमान कुटुंबांतली आहेत. ज्यूंची शाळा संपली, नाव तेवढे राहिले, असे यावर सहज म्हटले जाते. मला ते पटत नाही. ज्या गरजेतून ही शाळा निघाली तीच गरज ती आजही भागवते आहे. बाकावरची मुले बदलली, एवढेच.

ती गरज समजण्यासाठी अलिबाग-पेणकडची गावे आठवावी लागतात. तिथे घाणा चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून बेने इस्राएल लोक ‘शनवार तेली’ ठरले. किहीमचे ते केहीमकर, दिव्याचे ते दिवेकर. मुंबईत आल्यावर सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये शहरातले पहिले सिनेगॉग बांधले. लोक त्याला मशीदच म्हणत आणि मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. प्रार्थनेची जागा झाली, पण प्रार्थनेची भाषा कितीजणांना कळत होती? हिब्रूचे पद्धतशीर शिक्षण मिळे ते मिशनऱ्यांकडे. त्यांच्यातल्या जॉन विल्सन यांनी तर 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. त्या विद्येचे ऋण मोठे आहे, पण ती येई ख्रिस्ती धर्मप्रचाराच्या सोबतीने. गरीब घरच्या मुलाला शिकायचे असेल तर आपल्या धर्मावरचे आक्षेप ऐकत शिकावे लागे. केहीमकरांच्या शाळेने ही अट काढून टाकली. मला यातच सामाजिक न्यायाचा गाभा दिसतो. शिक्षण नुसते मिळून भागत नाही, मान खाली न घालता ते मिळावे लागते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. प्रत्येक समाजाने आपापली शाळा काढली तर मुले एकमेकांना भेटणार कुठे? पण या समाजाच्या बाबतीत स्वतःची शाळा आणि मराठीपण यांचे वैर दिसत नाही. शाळा निघाल्यानंतर थोड्याच वर्षांत, 1880 च्या सुमारास, बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रंगू लागली. प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावाने होणारा नैवेद्याचा मलिदा कोकणी घरात गूळ-खोबऱ्यासह मांडला जात राहिला. 1905 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन यांनी 1922 ते 1950 या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. त्या काळात एका स्त्रीच्या हाती इतकी वर्षे हायस्कूल सोपवणारी संस्था बंदिस्त मनाची कशी म्हणावी?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. न्यायाची भाषा करणाऱ्या या समाजात घरातच पंक्तिभेद होता. बेने इस्राएलांत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद पाळला जाई. बगदादहून आलेल्या ज्यूंनी तर 1836 मध्ये सरकारकडे अर्ज करून सामाईक कबरस्तानात मधे भिंत मागितली. पुढे इस्राएलमध्येही बेने इस्राएलांच्या विवाहयोग्यतेवर धर्मपीठाने शंका घेतली आणि 1964 पर्यंत त्यांना झगडावे लागले. म्हणूनच या शाळेच्या नावाकडे नीट पाहावे. एली कदूरी हे बगदादी घराण्यातले, हाँगकाँग-शांघायचे व्यापारी. त्यांच्या देणगीमुळे 1930 च्या दशकात शाळेला त्यांचे नाव मिळाले. ज्यांच्या पूर्वजांनी मरणानंतरही शेजार नाकारला, त्यांच्यापैकी एकाचा पैसा या मुलांच्या शिक्षणाला लागला. त्याने जुना अन्याय पुसला जात नाही, पण भिंत ओलांडता येते हे दिसले.

1948 नंतर इस्राएलकडे स्थलांतर सुरू झाले. एके काळी सुमारे वीस हजार असलेला हा समाज आता भारतात काही हजारांवर आला आहे. तेव्हा शाळेला कुलूप लावणे सोपे होते. तिने दार उघडे ठेवले आणि आजूबाजूच्या वस्तीतली मुले आत आली. त्यांपैकी अनेकांच्या समाजालाही आपली ओळख सांभाळून शिकण्याची तीच निकड आहे. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्या निमित्ताने जुन्या सिनेगॉगच्या जतनाची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण डागडुजीचा पैसा वाटताना माझगावच्या या वर्गखोल्याही यादीत असाव्यात, आणि तिथे कोणाची मुले बसतात हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारू नये.