वॅट म्हणजे उजेड नव्हे

खामगाव असो की मेहकर, दुकानात बल्ब मागताना सवयीने म्हटले जाते, "जास्त वॅटचा द्या, लख्ख पडला पाहिजे." जुन्या पिवळ्या बल्बच्या काळात हा हिशेब चालून जाई. एलईडीला (विजेने थेट उजळणारा अर्धवाहक दिवा) तो पुरत नाही.

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. उजेड किती देतो हे ल्यूमेन (बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप) सांगते. म्हशीला ढेप-कुटार किती घातले हा वॅट, चरवीत दूध किती पडले हा ल्यूमेन. जुना बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवी. त्याच्या ६० वॅटइतका उजेड एलईडी साधारण ९ वॅटमध्ये देतो. रोज ५ तास लावल्यास ३० दिवसांत ९ युनिटऐवजी १.३५ युनिट वीज लागते.

एलईडी तापतच नाही, हाही एक समज. पुढची टोपी गार लागते, पण होल्डरजवळचा भाग चांगलाच गरम होतो. तिथे ड्रायव्हर (घरातली वीज दिव्याला मानवेल अशी करणारे सर्किट) असतो. बंद डोममध्ये किंवा बुलढाण्याच्या मे महिन्यात तापल्या पत्र्याखाली लावलेला बल्ब लवकर जातो, तो बरेचदा या ड्रायव्हरमुळे. खोक्यावरचे हजारो तास अशा जागी धरू नयेत.

झोपायच्या खोलीत ६५०० केल्विनचा (रंगछटेचे माप) निळसर पांढरा दिवा नको. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर बरा. आणि खोक्यावर ल्यूमेनचा आकडाच छापलेला नसेल, तर तो बल्ब घेऊ नका.